ब्रुफर्ड बँडचं जुनं लाइव्ह बूटलेग मिळालंय पण आवाज फारच खराब आहे, तरी ऐकावं का?

तुम्ही लिहिलंय की बिल ब्रुफर्ड या ड्रमरच्या बँडचे स्टुडिओ अल्बम पाठ झालेत, आता एका मित्राने लाइव्ह बूटलेगची (म्हणजे बँडच्या परवानगीशिवाय केलेल्या रेकॉर्डिंगची) फाइल दिलीय, पण ती पत्र्याच्या डब्यात वाजल्यासारखी येते आणि त्यावर तारीख नाही की गाव नाही. तर माझं उत्तर आहे की ऐका, नक्की ऐका, फक्त थोडं कसं ऐकायचं ते सांगतो कारण मीपण सुरुवातीला दहा मिनिटांत बंद केलं होतं.

माझ्याकडे हा बँड पहिल्यांदा आला तोच कॅसेटवर, हॉस्टेलमधल्या एका सिनियरने भरून दिलेली, आणि ती कॅसेट आधीच कितव्यांदा तरी कॉपी झालेली होती. प्रत्येक कॉपीला वरचा आवाज थोडा मरतो आणि खरखर थोडी वाढते, हे तुम्हाला माहीत असेलच. पण त्याहून मोठी गडबड स्पीडची असते. एका टेपरेकॉर्डरची मोटर जरा हळू, दुसऱ्याची जरा फास्ट, अशा दोनतीन मशीनमधून गेलं की सगळं गाणं अर्ध्या सुराने वर चढून बसतं आणि मग ड्रमर घाईत वाटतो, गिटार चिरकी वाटते आणि आपण म्हणतो बँड लाइव्हमध्ये वाईट वाजवतो. तसं नसतं हो! स्टुडिओतलं तेच गाणं शेजारी लावून सूर जुळवून बघा, फरक असला तर ऑडेसिटी या आवाज एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये स्पीड बदला (टेम्पो नाही, स्पीड, म्हणजे सूर आणि लय दोन्ही एकत्र खाली येतात). माझ्या कॅसेटचं मी हे खूप वर्षांनी केलं आणि अक्षरशः दुसराच बँड ऐकतोय असं वाटलं.

आता मूळ मुद्दा, की ऐकायचं कशासाठी. या बँडची एकच चीज घ्या, 'द सहारा ऑफ स्नो'. बहुतेकांना ती 1979 च्या 'वन ऑफ अ काइंड' अल्बमवरून माहीत असते. पण ती जन्मली त्या बँडमध्ये नाहीच. 1978 मध्ये ब्रुफर्ड यूके नावाच्या बँडमध्ये होता, बासवर जॉन वेटन, कीबोर्ड आणि व्हायोलिनवर एडी जॉब्सन, गिटारवर ॲलन होल्ड्सवर्थ, आणि त्या वर्षीच्या अमेरिकेच्या दौऱ्यात ते लोक ही चीज स्टेजवर वाजवत होते. बॉस्टनच्या कार्यक्रमाचं रेडिओवरचं रेकॉर्डिंग आहे त्यात ती ऐकायला मिळते. मग ब्रुफर्ड आणि होल्ड्सवर्थ दोघंही यूकेतून बाहेर पडले आणि ती चीज ब्रुफर्ड सोबत घेऊन आला, नव्या अल्बमवर डेव्ह स्टुअर्टच्या कीबोर्डसाठी आणि जेफ बर्लिनच्या बाससाठी बसवली. मार्च 1979 मध्ये बीबीसीच्या 'रॉक गोज टू कॉलेज'साठी ऑक्सफर्डला वाजवली तेव्हा होल्ड्सवर्थ अजून होता. आणि त्याच उन्हाळ्यात न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर रॉस्लिनच्या 'माय फादर्स प्लेस' क्लबमध्ये वाजवली तेव्हा होल्ड्सवर्थ गेलेला, त्याच्या जागी जॉन क्लार्क नावाचा कुणाला माहीत नसलेला पोरगा, इतका की रेकॉर्डवर त्याचं नावच 'द अननोन' जॉन क्लार्क असं छापलंय.

म्हणजे साधारण वर्षभरात एकच चीज तीन वेगळ्या संचांत. स्टुडिओ अल्बम तुम्हाला यातला एकच थांबा दाखवतो, बाकीचा सगळा प्रवास रेडिओ, टीव्ही आणि या टेप्समध्येच आहे, म्हणून मी या रेकॉर्डिंग्जना इतका जीव लावतो.

रॉस्लिनचा तो कार्यक्रम डब्ल्यूएलआयआर रेडिओवरून लाइव्ह गेला होता आणि नंतर 'द ब्रुफर्ड टेप्स' नावाने रीतसर अल्बम म्हणून निघाला. पण तो ऐकताना बूटलेगच वाटतो, कारण रेडिओसाठी मिक्सिंग जागच्या जागी होतं, नंतर स्टुडिओत बसून चुका पुसायला वाव नसतो. आवाज कोरडा आहे, थोडा दाबलेला आहे, आणि मला तरी तोच आवडतो. तुमची फाइल सहन होत नसेल तर आधी हा ऐका, कान तयार होतो.

ऐकताना पहिली पाच मिनिटं फक्त स्नेअर पकडा, म्हणजे ड्रमसेटमधला कडक आवाजाचा छोटा ड्रम. ब्रुफर्ड रिमशॉट मारतो, म्हणजे स्नेअरची कड आणि वरचा पडदा एकाच फटक्यात, त्यामुळे 'टण्ण' असा उंच, मोकळा आवाज येतो, आणि गंमत म्हणजे खराब टेपवरही हाच आवाज सगळ्यात जास्त टिकतो. हॉलमध्ये कुणी मांडीवर रेकॉर्डर ठेवून टेप केलं असेल तर बास सगळा भिंतींवर आपटून त्याचा चिखल होतो (जेफ बर्लिनसारख्या माणसाचं हे होतं याचं मला खरंच वाईट वाटतं) पण स्नेअर चिखलातून वर येतोच. तो धागा धरला की कळतं की हा माणूस लीडर आहे म्हणून सोलो ठोकत बसलेला नाही. बँडला त्याचं नाव आहे, बऱ्याच चाली त्याच्या आहेत, आणि तरी तो बहुतेक वेळ दुसऱ्यांसाठी जागा करतोय, जोर जिथे येईल असं वाटतं तिथून काढून पुढच्या मात्रेवर ठेवतोय. आपल्याकडे तबल्याला सवयलेला कान असेल तर हे लगेच भावतं, सम कुठे आहे ते हाताने मोजत बसा, मी अजून मोजतो. 'सहारा'च्या दुसऱ्या भागात तर हमखास.

बिचाऱ्या क्लार्कबद्दल लोक उगाच नाक मुरडतात. होल्ड्सवर्थ नाही तो, पण दुसऱ्याचे इतके अवघड भाग त्याने उभे केले, तेही रेडिओवर लाइव्ह, सगळं लाँग आयलंड ऐकत असताना. मला त्याचं फार कौतुक आहे.

आता तुमची फाइल कधीची असेल ते ओळखायचं. व्हायोलिन आलं तर तो ब्रुफर्ड बँड नाहीच, 1978 चा यूके आहे. व्हायोलिन नाही पण गिटारचे सूर एकमेकांत वितळत जातात आणि आर्म (गिटारवरची सूर वाकवायची दांडी) दाबून लांब झोके घेतल्यासारखे वाकतात, तर होल्ड्सवर्थ, म्हणजे 1979 च्या सुरुवातीचं. गिटार जरा सरळ आणि सगळं निव्वळ वाद्यांचं असेल तर क्लार्क, त्यानंतरचं. आणि मध्येच बासवाला गायला लागला तर ते 'ग्रॅज्युअली गोइंग टोर्नेडो'च्या वेळचं, 1980 चं, कारण त्या अल्बमवर गायला जेफ बर्लिनच आहे. नुसत्या ऐकण्यावरून ठरत नसेल तर गाण्यांचा क्रम इथे कमेंटमध्ये टाका, आपण मिळून लावू.