इंग्लंडमधल्या लडलोसारख्या छोट्या, जुन्या बाजारगावात कुटुंबासह राहायला जावं का?

तुम्ही लिहिलंय की बायकोला हेरफर्डच्या रुग्णालयात नर्सची नोकरी लागली आहे, तुम्ही पुण्यातली नोकरी सोडून चार वर्षांच्या मुलासह मागोमाग जाणार आहात आणि फोटो बघून लडलो मनात भरलंय. आम्ही बरीच वर्षं लडलोतच राहतो, म्हणून उत्तर देते.

जरूर या. फक्त गाव बायकोच्या सोयीपेक्षा तुमच्या सोयीने निवडा. तिचा दिवस वॉर्डात जाणार, मग घर कुठेही असो. गावात दिवस काढायचाय तो तुम्हाला.

गाव देखणं आहे, त्यात फोटोंची लबाडी नाही. वस्ती साधारण १०,०००. टेकडीवर नॉर्मन किल्ला, खाली टीम नदी, मधे लाकडी चौकटींची जुनी, कललेली घरं. वारसा म्हणून नोंदलेल्या इमारतीच ५०० च्या घरात आहेत. आईवडील भेटीला आले की त्यांना किल्ल्याची एक गोष्ट जरूर सांगा. १७५६ मध्ये तुळाजी आंग्र्यांचा विजयदुर्ग पडला, तेव्हा इंग्रज नौसेनापती वॉटसनच्या आरमाराबरोबर रॉबर्ट क्लाइव्हही होता. तो याच श्रॉपशर परगण्यातला. त्याचा मुलगा पुढे मद्रासचा गव्हर्नर झाला, मग अर्ल ऑफ पोविस झाला आणि १८११ मध्ये त्याने लडलोचा किल्ला विकत घेतला. आजही तो त्याच घराण्याकडे आहे. माझे सासरे कोकणातले. हे ऐकल्यावर त्यांनी तिकिटाचे पैसे देताना जे तोंड केलं ते बघण्यासारखं होतं.

असो. खरा प्रश्न घराचा. एजंट तुम्हाला गावाच्या मध्यावरचं जुनं घर दाखवेल, तुळया बघून तुम्ही विरघळाल. घेऊ नका. खिडक्यांना एकेरी काच, आणि घर नोंदलेलं असेल तर खिडकी बदलायलाही मालकाला कौन्सिलची, म्हणजे इथल्या स्थानिक प्रशासनाची, परवानगी काढावी लागते. डिसेंबरात चारच्या सुमारास अंधार पडतो. कपडे घरातच वाळत घालायचे, त्यात कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की काचेवरून पाण्याचे ओघळ लागतात आणि बघता बघता कपाटामागच्या भिंतीवर काळी बुरशी धरते. फोडणीत मोहरी तडतडली की स्मोक अलार्म बोंब मारतो, मग एकाने टॉवेल हलवत खाली उभं राहायचं आणि दुसऱ्याने वरण सांभाळायचं. त्यापेक्षा कडेच्या वसाहतीतलं साधं विटांचं घर बघा. दिसायला काही नाही, पण ऊब टिकते. घराचं ऊर्जा प्रमाणपत्र, म्हणजे ईपीसी, मागा. श्रेणी ए ते जी असते. सी असेल तर उत्तम, डी चालेल. आसपासच्या खेड्यांत स्वस्तात घर दिसलं तर तिथे पाइपचा गॅस आहे का ते विचारा. बऱ्याच ठिकाणी अंगणातल्या टाकीत तेल भरून घर तापवावं लागतं. आणि कौन्सिल टॅक्स भाड्याव्यतिरिक्त, तोही भाडेकरूनेच भरायचा.

दुसरी गोष्ट गाडी. लडलो ते हेरफर्ड रेल्वेने अर्ध्या तासाच्या आत होतं, पण तुमच्या बायकोची बारा तासांची ड्यूटी आणि रविवारचं वेळापत्रक यांचं जमत नाही. गाडी तिच्याकडे गेली की तुम्ही घरात अडकलात. इथे राहायला आल्यापासून भारतीय लायसन्सवर १२ महिने गाडी चालवता येते, आणि ते बदलून इथलं देत नाहीत. म्हणजे प्रोव्हिजनल, म्हणजे शिकाऊ लायसन्स, काढून लेखी आणि रस्त्यावरची, दोन्ही परीक्षा पहिल्यापासून द्यायच्या. परीक्षेच्या तारखा महिनोन्‌महिने मिळत नाहीत, तेव्हा आल्याआल्या अर्ज टाका. पुण्यात वीस वर्षं गाडी चालवली याचा इथे फारसा उपयोग नाही. दोन्हीकडे उंच कुंपणाची झुडपं, जेमतेम एका गाडीपुरता रस्ता, वेगमर्यादा मात्र ताशी ६० मैल, आणि वळणावर समोर ट्रॅक्टर. कुणीतरी मागे जायचं असतं आणि ते बहुधा तुम्हीच असता.

शाळेची चिंता कमी करा. चौथा वाढदिवस झाल्यानंतरच्या सप्टेंबरात मुलं रिसेप्शनमध्ये, म्हणजे शाळेच्या पहिल्या वर्गात, जातात, त्यासाठी अर्जाची मुदत १५ जानेवारी. उशीर झाला तरी अर्ज करता येतो, फक्त मनासारखी शाळा मिळेलच असं नाही. नोकरी हेरफर्डला असली तरी लडलो श्रॉपशरमध्ये येतं, म्हणून अर्ज श्रॉपशर कौन्सिलकडे. आजारपणासाठी जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवा, पण रात्रीअपरात्री काही झालं तर मोठं इमर्जन्सी खातं हेरफर्ड किंवा श्रूसबरीलाच. लहान मूल असताना हे लक्षात असू द्या.

माणसांबद्दल तुम्ही घाबरत विचारलंय. आमचा अनुभव चांगला आहे, पण संथ. निवृत्त मंडळी खूप. बोलायला गोड, हवामानावर दहा मिनिटं सहज जातात, घरी चहाला बोलावणं मात्र उशिरा येतं. नुसतं ‘हॅलो’ म्हणून ओळख वाढत नाही, काहीतरी हातात घ्यावं लागतं. १९९५ पासून दर सप्टेंबरात किल्ल्यात खाद्यमहोत्सव भरतो, तिथे स्वयंसेवक व्हा. किल्ल्यासमोरच्या चौकात सोमवार, बुधवार, शुक्रवार, शनिवार बाजार भरतो, तिथे एकाच भाजीवाल्याकडे जात राहा. आमचा भाजीवाला आता बिटाचा पाला माझ्यासाठी बाजूला ठेवतो. तो फेकूनच देत होता, मी त्याची भाजी करते म्हटल्यावर कृती विचारून घेतली.

मेथी, गवार, कढीपत्त्यासाठी बर्मिंगहॅमच्या सोहो रोडला जावं लागेल. त्याच फेरीत जवळच्या टिव्हिडेलच्या बालाजी मंदिरात दर्शन होतं. मराठी माणसं इथे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. रोज चार मराठी शब्द कानावर पडावेत अशी गरज असेल तर सरळ बर्मिंगहॅमजवळ किंवा निदान हेरफर्डमध्येच घर बघा. त्यात कमीपणा काही नाही.

शक्य असेल तर बायकोला आधी एकटीला रुग्णालयाजवळ खोली घेऊन राहू द्या, आणि लडलोतलं घर तुम्ही स्वतः आल्यावर, जमलं तर फेब्रुवारीत, पावसाळी दुपारी पाहा. आत गेल्यावर आधी कपाटामागे हात घालून भिंत ओली लागते का ते बघा.