हवेने फुगणारा तंबू घ्यावा का? रात्री पंक्चर झाला तर काय करायचं, आणि त्याची निगा कशी राखायची?

तुम्ही लिहिलंय की घरचे म्हणतात, ‘हा फुगा कशाला घेताय?’ तुमच्या घरचे कोण ते मला ठाऊक नाही. आमच्या घरी हे वाक्य माझे थोरले दीर बोलतात. चार वर्षं झाली, चार माणसं जमली की अजून बोलतात. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

घ्या. हे झालं उत्तर. आता हकिगत.

आमचा तंबू तीन कमानींचा (काठ्यांऐवजी हवा भरलेल्या जाड नळ्या), भाऊजींचा फायबरग्लासच्या काठ्यांचा. तळ्याकाठी दोन रात्रींचा मुक्काम होता. संध्याकाळी पोचल्यावर मी आधी चारही कोपऱ्यांत खुंट्या ठोकल्या. भाऊजी म्हणाले, ‘अगं, आधी उभा तर कर, मग ठोक.’ काठ्यांच्या तंबूत चालतं हे. हवेचा तंबू भरता भरता आपणहून उठतो, आणि जमिनीला धरलेला नसेल तर वाऱ्याच्या पहिल्या झोतात शिडासारखा चालू लागतो. शिवाय तळ आधी चौकोनी ताणला नाही, तर कमानी पिळलेल्याच उभ्या राहतात. मग कितीही पंप मारा, पीळ जात नाही. दाराची चेन वीतभर उघडी ठेवायची, नाहीतर पोटातली पोकळी भरायला हवा येणार कुठून? तिन्ही कमानी ७ पीएसआयला (चाकातल्या हवेचा दाब मोजतात तेच एकक) आणून मी हात झटकले तेव्हा भाऊजी दुसरी काठी जोडत होते. तिथेच बिनसलं असावं.

पहाटे गारठा पडला. मी मुलांना घेऊन काठाने फिरायला गेले होते. भाऊजी उठले, तंबू जरासा लचकलेला दिसला, कमान बोटाने दाबली तर दबली. निदान तयार: पंक्चर. त्यांनी मधल्या कमानीची चेन उघडून भोक शोधलं, सापडलं नाही, चेन लावली (असं ते म्हणतात) आणि पंप जोडून तिन्ही कमानी टणक केल्या. मी आल्यावर अभिमानाने सांगितलं, ‘तुझा फुगा बसत होता, मी वाचवला.’

बाराच्या सुमाराला ऊन तापलं आणि फट्‌कन आवाज झाला. मधली कमान गेली. आसपासच्या तंबूंतली माणसं बाहेर आली. भाऊजी एवढंच म्हणाले, ‘मी म्हटलं नव्हतं?’

नाही भाऊजी, तुम्ही जे म्हणत होता ते झालंच नव्हतं.

बंद नळीतली हवा गार झाली की तिचा दाब उतरतो, तापली की चढतो. संध्याकाळी २५ अंशांना ७ पीएसआय भरलेली कमान पहाटे १० अंशांना ६ च्या खाली येते. गळती शून्य, तरी काटा पीएसआयभर खाली. म्हणून पहाटे मऊ लागलेला तंबू हे पंक्चरचं लक्षण नाही. सूर्य वर येऊ द्या, तो आपोआप ताठ होतो. भाऊजींच्याच सांगण्यानुसार त्यांनी ‘काटा ९ च्या पुढे जाऊ दिला नाही’. ठीक. १० अंशांना भरलेले ते ९ पीएसआय उन्हात नळी ४५ अंशांपर्यंत तापल्यावर १२ च्या घरात जातात. गाडीच्या चाकात तीसेक असतात म्हणून १२ काही वाटत नाही, पण या कमानी साधारण ५ ते १० पीएसआयसाठी शिवलेल्या असतात. नेमका आकडा व्हॉल्व्हजवळच्या पट्टीवर छापलेला असतो, तोच प्रमाण. काही तंबूंत जादा दाब सोडणारा व्हॉल्व्ह असतो, आमच्यात नव्हता.

एवढ्यानेही कमान कदाचित फुटली नसती. फुटली ती चेनमुळे. बाहेर दिसते ती तंबूची कापडी खोबण. तिच्या आत जाड पॉलिस्टरची खोळ, चेन लावलेली. तिच्या आत ब्लॅडर, म्हणजे टीपीयू या लवचीक प्लास्टिकची पातळ नळी. ब्लॅडरचं काम फक्त हवा धरून ठेवणं, जोर सगळा खोळ सोसते. सायकलची ट्यूब टायरबाहेर काढून हवा भरून बघा, कळेल. खोळीची चेन चार बोटं जरी उघडी राहिली, तरी ब्लॅडर तिथून लिंबाएवढा, मग पेरूएवढा बाहेर येतो आणि फुटतो. आम्ही कमान सोडवली तेव्हा चेन चार बोटं उघडी होती आणि ब्लॅडर बरोबर तिथेच उभा फाटलेला. मी फोटो काढला, अजून फोनमध्ये आहे. भाऊजींचं म्हणणं, चेन धक्क्याने उघडली असेल. नवऱ्याने फोटो बघून दोन्ही बाजूंना मान डोलावली. त्याची ती खासियत आहे.

तर कमान कुणी उघडली, भोक शोधलं, तर परत भरण्याआधी चेन टोकापर्यंत ओढा, तिला बांधायची पट्टी असेल तर बांधा. आधी थोडी हवा भरून ब्लॅडर पिळलेला नाही ना, हे हात फिरवून बघा, मग पुढचं भरा.

रात्री पंक्चर झाला तर काय, हे तुम्ही विचारलंत. काही होत नाही. म्हणजे होतं, पण घाबरण्यासारखं नाही. कमानी एकमेकींपासून वेगळ्या असल्या तर एक जाते, बाकीच्या उभ्या राहतात. (एकाच व्हॉल्व्हने भरणाऱ्या तंबूत भरून झाल्यावर मधल्या चकत्या फिरवून कप्पे बंद करायचे असतात. ते विसरलात तर मात्र सगळाच बसेल.) आम्ही त्या दुसऱ्या रात्री मधल्या कमानीच्या टोकाला दोरी बांधून ती वरच्या फांदीवरून घेतली, तणावे जरा जास्त ताणले आणि त्याच तंबूत झोपलो. भाऊजींच्या तंबूत जागा होती, त्यांनी बोलावलंही. मी गेले नाही.

फाटलेला ब्लॅडर जोडता येत नाही, बदलावा लागतो. त्या मापाचा नवा मिळतो, घालायला अर्धा तास लागतो. टाचणीएवढं भोक असेल तर ब्लॅडर बाहेर काढून अगदी थोडी हवा भरा, साबणाचं पाणी फासा, बुडबुडे येतील तिथे पेनने खूण करा. जागा आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसून, वाळवून टीपीयूचाच पॅच लावा. सायकलचं सोल्यूशन आणि रबरी ठिगळ टीपीयूवर धरत नाही, एका मुक्कामात सुटतं.

पण भोक शोधण्याआधी व्हॉल्व्ह बघा. हळूहळू हवा जात असेल तर बहुतेकदा दोष तिथेच निघतो: वाळूचा कण बसलेला, रबरी चकती सरकलेली किंवा व्हॉल्व्ह नळीवर सैल झालेला. कमान भरलेली असताना व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी टाका, फेस वर आला की कळलंच. सैल असेल तर सोबत आलेल्या पान्याने आवळा. वाळूवर तंबू लावलात तर टोपण उघडण्याआधी फडक्याने पुसायची सवय ठेवा.

पंप दोन्ही बाजूंनी हवा ढकलणारा हातपंप घ्या, दाबमापक असलेला. मापक फक्त दांडा ढकलताना खरं सांगतो, थांबलात की काटा पडतो. ते बघून ‘हवा गेली’ म्हणू नका. गादीचा पंप इथे कामाचा नाही, तो १ पीएसआयपर्यंतसुद्धा धड पोचत नाही. चाकाचा कॉम्प्रेसर उलट बाजूने निरुपयोगी: दाब भरपूर, हवा थोडी, तासभर भरत बसाल आणि तो तापून बंद पडेल. पॅडलबोर्डचा (पाण्यावर उभं राहून वल्हवायच्या, हवा भरलेल्या फळीचा) विजेवरचा पंप चांगला, हव्या दाबाला आपोआप थांबतो. फक्त आकडा पीएसआयमध्येच लावताय ना, ते बघा. बार या दाबाच्या दुसऱ्या एककात ७ लावलात तर ते शंभराहून जास्त पीएसआय होतात.

हवेवर काय उभं राहणार, असं विचारणाऱ्यांना मी १९७० सालचा ओसाकाच्या जागतिक प्रदर्शनातला फुजी मंडप सांगते. युताका मुराता या वास्तुरचनाकाराचा. १६ हवेच्या कमानी, प्रत्येकीचा व्यास ४ मीटर. खाली प्रेक्षक हिंडत होते. भाऊजींना दाखवला तर म्हणाले, ‘तिथे माणसं होती बघायला.’ आपल्याकडेही माणसं होती की, सकाळी सहाला उठून बघणारी.

वाऱ्यात कमान वाकते आणि परत उभी राहते. फायबरग्लासची काठी वाकते, मग चिरते, आणि तिची धारदार टोकं फ्लायशीट, म्हणजे तंबूवरचं बाहेरचं कापड, फाडतात. हे मी ऐकीव सांगत नाही. त्याच्या आदल्या वर्षी एका तंबूचं असंच झालं होतं. ती गोष्ट चार माणसं जमल्यावर कुणी सांगत नाही.

निगेचं बाकी थोडक्यात. ओला गुंडाळावा लागला तर घरी येऊन त्याच दिवशी पसरा, फार तर दुसऱ्या दिवशी. पॉलिस्टर कुजत नाही, पण वरच्या मळावर बुरशी धरते, आणि दमट ठेवला की आतला पॉलियुरेथेनचा लेप चिकट होऊन आंबूस वास मारू लागतो. एकदा तसं झालं की तंबू गेला. धुवायचा तो गार पाण्याने, स्पंजने. कपड्यांची पावडर नको, ती पाणी झटकणारा थर घालवते. पाणी थेंब होऊन ओघळायचं थांबलं की त्यासाठीचा फवारा मारा. हवा काढताना दारं उघडा, सगळे व्हॉल्व्ह एकदम उघडा आणि व्हॉल्व्हच्या दिशेनेच गुंडाळत या, उरलेली हवा पंपाच्या उलट्या तोंडाने ओढून घ्या. उन्हात महिनोन्‌महिने उभा ठेवू नका, कापड कमजोर होतं.

आता तुमच्या घरच्यांच्या बाजूचं दोन शब्द. हा तंबू जड असतो, चार-पाच जणांचा १५ ते २५ किलो. गाडी जवळपर्यंत जात नसेल तर विचार सोडा, काठ्यांचाच घ्या. पंप बिघडला तर हातात नुसतं कापड उरतं. आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी दहा वाजताच ऊन कडक झालं होतं. कडक उन्हात प्रत्येक कमानीतली थोडी हवा सोडायची असते, हे मला माहीत होतं. मी पाण्यात डुंबत होते.

दाबमापकावर ७ च्या आकड्याला मी आता नेलपॉलिशची लाल रेघ मारली आहे. यंदा भाऊजींनी स्वतःहून पंप हातात घेतला. रेघेपाशी थांबले, माझ्याकडे बघितलं, आणि वर दोन झटके मारलेच. ते वळल्यावर मी मागच्या बाजूने तेवढी हवा सोडली.