काळी दोन कुठून आली?

प्रश्न : आमच्या भजनमंडळात मी पेटी वाजवतो. बुवांची पट्टी पांढरी पाच, म्हणजे सप्तकातली पाचवी पांढरी. शेजारचा मुलगा चर्चमध्ये कीबोर्डवर असतो. तो म्हणतो, मेजर आणि मायनर या पाश्चात्त्य स्वरमालांपैकी पांढरी पाचच्या मेजरची सख्खी नातेवाईक म्हणजे पांढरी तीनची मायनर, दोघींच्या पट्ट्या त्याच. मग दोन नावं कशाला? आणि ती मायनर वाजवताना तो मध्येच काळी दोन दाबतो, ती तर या सातांत नाहीच!
– एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : मुलाचं बरोबर आहे आणि तुमची शंकाही रास्त. घोटाळा ‘पट्टी’ या शब्दाचा. बोटाखाली येते तीही पट्टी आणि बुवा गातात तीही पट्टी. दुसरीला मी इथे षड्जच (म्हणजे सा) म्हणतो.

एक करून बघा. उजवा हात स्वरांवर, डावा भात्यावर, म्हणजे तिसरा हात हवा. तो आगपेटीच्या काडीचा. पांढरी पाच दाबून फटीत काडी खोचा, सूर वाजत राहील. (पावसात पट्ट्या फुगल्या असतील तर काडीही नको. कुडाळात माझी पेटी जूनपासून हाच उद्योग करते.) त्या सुरावर पांढरी पाच, सहा, सात, वरची एक, दोन, तीन आणि काळी तीन असं चढा. सगळे शुद्ध स्वर, सरळ बिलावल थाट (थाट म्हणजे सात स्वरांचा साचा). मेजर ती हीच. आता काडी पांढरी तीनमध्ये खोचा आणि त्याच सात पट्ट्या तिथून वाजवा. गंधार, धैवत, निषाद कोमल! हा आसावरी थाट, म्हणजेच ती मायनर.

गणपतीत हेच दाखवत होतो, तर आमचा पखवाजवाला म्हणाला, “मास्तरानू, बोटां तीच, मगे सूर रडता कित्याक?” काळ्यापांढऱ्या सगळ्या मोजा, म्हणजे कळेल. आधी षड्जाच्या पुढे चौथ्या पट्टीवर असलेला गंधार आता तिसऱ्यावरच येतो. स्वर हलले नाहीत, षड्ज हलला.

आता काळी दोन. तुमच्या मायनरचा कोमल निषाद म्हणजे पांढरी दोन, षड्जापासून दोन पट्ट्या लांब. तिथून घरी परतायला ओढ कमी पडते. म्हणून कीबोर्डवाले लोक निषाद शुद्ध करतात, तीच काळी दोन, षड्जाला अगदी खेटून. किरवाणी हा राग वाजवला असेल तर बोटांना ही चाल ओळखीची वाटेल.

सख्खी नाती सांगितली, आता चुलत. आपला षड्ज-पंचम भाव, म्हणजे सा आणि प यांचं नातं, इथेही चालतो. पांढरी पाचच्या पंचमाला, म्हणजे पांढरी दोनला, षड्ज करून मेजर वाजवा. एकच पट्टी बदलते, पांढरी एक जाऊन काळी एक. मध्यमाला, म्हणजे पांढरी एकला षड्ज केलंत, तर काळी तीन जाऊन पांढरी चार. असं पंचमावरून पंचमावर बारा वेळा गेलात की पुन्हा पांढरी पाचवरच. पहिल्या पाच पावलांपर्यंत जितकी पावलं लांब, तितक्या पट्ट्या बदलतात.

कीबोर्डवाला एका गाण्यात अशी दोन-तीन घरं फिरून येतो. आपल्याला ती मुभा नाही, आणि मला त्याचं वाईटही वाटत नाही. तरी हौस म्हणून बुवांना भर गजरात षड्ज हलवायला लावू नका. पखवाजाची शाई त्यांच्या पांढऱ्या पाचला लावलेली असते, आणि त्या वेळी हातोडी पखवाजवाल्याच्या हाताशी असते.