मालवणला लहान मुलांसाठी दोन दिवसांचं सिनेमा-शिबिर घ्यायचंय, काय काय ठेवावं?

तुम्ही लिहिलंय की मेच्या सुट्टीत गावच्या घरी पाच ते आठ वर्षांची बारा-पंधरा मुलं येणारेत, प्रोजेक्टर मिळालाय, आता कुठले सिनेमे दाखवू. मी रत्नागिरीत सुट्टीत मुलांची शिबिरं घेते, त्यावरून सांगते, सिनेमांच्या यादीत अडकूच नका. सिनेमे काय, पोरं घरी मोबाईलवर रोज बघतात. चित्र हलतं कसं ते त्यांना स्वतः करून बघू दे.

गावच्या घराचा मोठा फायदा म्हणजे काळोखी खोली. अंगणाकडे उघडणारी एक खिडकी काळ्या पुठ्ठ्याने बंद करा, फटीसुद्धा चिकटपट्टीने बुजवा आणि मधे बोटाच्या टोकाएवढं एकच गोल भोक ठेवा. बाहेर कडक ऊन पाहिजे. आत समोर पांढरी चादर धरायची. पहिली पाच मिनिटं काही म्हणजे काहीच दिसत नाही, मुलं कुरकुरतात, एखादं घाबरतं, त्याचा हात धरून बसा, आणि मग हळूहळू चादरीवर अंगण उमटायला लागतं, तेही रंगीत आणि उलटं. माडाचा शेंडा खाली, बुंधा वर, झावळ्या वाऱ्याने हलतायत. बाहेर कुणाला तरी उड्या मारायला सांगा, तो माणूस वर पाय करून उड्या मारताना दिसला की जो काय आरडाओरडा होतो! कॅमेरा म्हणजे मुळात काळोखी पेटी आणि भोक, हे मग वेगळं समजवावं लागत नाही. कौलाच्या फटीतून येणारा गोल कवडसा हे सूर्याचंच चित्र, हेही तेव्हाच सांगा.

एक काम आत्तापासून करा. दादासाहेब फाळक्यांनी 1913 च्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी करून चित्रित केली होती. तुम्ही कुंडीत चवळी पेरा, मोबाईल रोज त्याच जागी ठेवून फोटो काढा आणि शिबिरात ते भराभर दाखवा. रोप सरसर वर येताना बघितलं की मुलांना स्टॉप मोशन, म्हणजे एकेक फोटो जोडून हलतं चित्र करणं, लगेच कळतं, मग पडवीत शिंपले आणि करवंट्या घेऊन त्यांची स्वतःची फिल्म. फोन स्टुलावर पक्का बांधा, एक जण शिंपला जरासा सरकवणार, सगळे हात बाजूला, मग फोटो. सिनेमातल्यासारख्या सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे चित्रं, वगैरे विसरा, पाच-सहा पुरतात, म्हणजे दहा सेकंदांना पन्नास-साठ फोटो. चार-चार मुलांचे गट करा, त्याहून मोठा गट झाला की भांडणं होतात. समुद्रावर हे नकोच, वारा असतो आणि फोनमधे वाळू जाते.

आवाजांचा खेळ दुपारच्या उकाड्यात घरातच ठेवा. दोन करवंट्या आपटल्या की घोडा, सुपात तांदूळ फिरवले की लाटा, सुकी झावळ खसखसवली की रानात कुणीतरी चालतंय. अर्धी मुलं पडद्यामागे, अर्धी ओळखणार.

तुम्ही मालवणात आहात तर कुडाळजवळचं पिंगुळी सोडू नका. तिथल्या ठाकर समाजाची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगणं, कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ ही आपल्याकडची पडद्यावरची गोष्ट सांगायची जुनी कला आहे. परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये त्यासाठी पद्मश्री मिळाली, त्यांचं संग्रहालयही तिथेच आहे, आधी फोन करून जा. नेणं जमलं नाही तर चादर, टॉर्च आणि पुठ्ठ्याच्या बाहुल्या घेऊन घरीच करा.

प्रोजेक्टर फक्त शनिवारी रात्री लावा. मेमधे सूर्य सातला बुडतो, अंगणातल्या पडद्यावर साडेसातशिवाय धड दिसत नाही आणि साडेआठला ही मुलं पेंगतात, त्यामुळे आधी त्यांच्याच फिल्म आणि मग वीस मिनिटांचं काहीतरी, बास. फी घेणार असाल तर घरच्या ओटीटीवरून सिनेमा लावू नका, ते घरगुती वापरासाठी असतं, रीतसर परवानगी घ्या. बरोबर लाह्या आणि कोकम सरबत. लाईट जाणार हे धरूनच चाला, इन्व्हर्टरवर प्रोजेक्टर आधी चालवून बघा, वळवाचा पाऊस आला तर पडदा पडवीत घेता यायला हवा. आणि मुलांचे फोटो-व्हिडिओ ग्रुपवर टाकायच्या आधी प्रत्येकाच्या आईवडलांना विचारा, मुलं यायच्या आधीच.