आबांचा अल्सर आणि शेवभाजी

प्रश्न: ताई, आमच्या आबांना पोटात अल्सर निघाला, दुर्बिणीने तपासलं, परवा डिस्चार्ज झाला. आता घरी काय काय बघायचं? ते तर आल्या आल्या शेवभाजी मागताय!
– एक वाचक, अमळनेर

उत्तर: दादा, तिखटाने अल्सर होत नाही बरं का, तो बहुतेकदा हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाच्या जंतूने नाहीतर दुखण्याच्या गोळ्यांनी होतो, पण जखम ओली असताना आपला काळा मसाला सोसवत नाही, म्हणून सध्या मऊ खिचडी, ज्वारीची भाकरी वरणात कुस्करून, केळी तर आपल्याकडे आहेतच, आणि थोडं थोडं खाऊ घाला. पोटातलं अॅसिड कमी करणारी पँटोप्राझोलसारखी गोळी दिली असेल तर ती जेवणाआधी अर्धा तास. जंतूसाठी अँटिबायोटिक दिली असतील तर कोर्स पूर्णच करायचा, बरं वाटलं म्हणून मधेच सोडू नका. गुडघे दुखले की मेडिकलवरून डायक्लोफिनॅक आणायची सवय असेल तर ती पहिले बंद, आणि तंबाखू-विडीही. हृदयासाठी अॅस्पिरिन चालू असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच काय ते ठरवा. आबा लाजतील, तरी संडासचा रंग रोज विचारा. डांबरासारखी काळी चिकट झाली, उलटीत रक्त दिसलं, चक्कर आली तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच १०८ ला फोन करा.