गडगा मोडणाऱ्याचे देणे

प्रश्न : खानापूर तालुक्यातील आमच्या शिवारात भावकीतील एकाने ट्रॅक्टर नेण्यासाठी आमच्या भातशेताचा दगडी गडगा मोडला आणि खिंडार तसेच ठेवून तो घरी गेला. पहाटे तिसऱ्याच्याच म्हशी आत शिरल्या आणि पोटरीत आलेले भात खाऊन गेल्या. "मी एका रोपालाही हात लावलेला नाही," असे तो म्हणतो. ज्यू धर्मशास्त्रात अशा अप्रत्यक्ष नुकसानीचा बारकाईने विचार झाला आहे असे वाचले. तो काय आहे?
— एक वाचक

उत्तर : तालमूद या ज्यू धर्मशास्त्राच्या प्रमुख ग्रंथातील 'बाबा कमा' या भागात अशी चार कृत्ये सांगितली आहेत की, ज्यांची भरपाई माणसांचे न्यायालय वसूल करून देत नाही, पण ईश्वराच्या न्यायात ते देणे कायम राहते. दुसऱ्याच्या जनावरापुढचे कुंपण मोडणे हे त्यांतील पहिले आणि शेजाऱ्याचे उभे पीक आगीकडे वाकवणे हे दुसरे. उरलेली दोन साक्षीसंबंधी आहेत. तेथील कुंपण जनावराला कोंडणारे आहे आणि आपला गडगा पीक राखणारा, हा फरक मात्र ध्यानात ठेवावा.

केवळ निमित्त होऊन घडलेल्या अशा नुकसानीस 'ग्रामा' म्हणतात. पण "हात लावला नाही" एवढ्याने तेथे सुटका होत नाही. भिंत भक्कम असेल, तर निदान भिंतीची किंमत न्यायालयातही द्यावी लागते. माफी आहे ती मोडकळीस आलेल्या भिंतीपुरती. पीक वाकवणाऱ्याचेही तसेच आहे: नेहमीच्या वाऱ्याने आग तेथवर पोहोचणार असेल, तर तो सरळ भरपाईस पात्र ठरतो. उसाचा पाला पेटवताना वाऱ्याचा अंदाज घेणाऱ्या आपल्या शेतकऱ्यांना ही कसोटी सहज पटेल, आणि मला तर ती या साऱ्या चर्चेचा गाभा वाटते.

याच्या पुढची पायरी 'गार्मी'. दुसऱ्याचा कर्जरोखा जाळला, तर जळतो तो फक्त कागद, पण सावकाराची वसुली बुडते. तालमूदमधील रब्बी (ज्यू धर्मगुरू) मेईर यांच्या नावाने चालत आलेल्या मतानुसार येथे पूर्ण भरपाई द्यावी लागते आणि मध्ययुगीन ज्यू धर्मशास्त्रकार मायमोनिडीस (1138–1204) यांनीही तसाच निर्णय दिला आहे. ग्रामा कोठे संपतो आणि गार्मी कोठे सुरू होतो, यावर भाष्यकारांचे एकमत नाही. नुकसान तत्काळ आणि अटळ होते का, असे काही जण विचारतात, तर असे प्रकार वारंवार घडतात म्हणून दंडादाखल ही भरपाई ठेवली, असे काही जण मानतात.

म्हशींच्या मालकाची जबाबदारी स्वतंत्र आहे. दुसऱ्याच्या शेतात आपले जनावर चरले, तर भरपाई द्यावी, असे बायबलमधील 'निर्गम' या ग्रंथाच्या 22व्या अध्यायातच सांगितले आहे.

आपला दावा अर्थातच भारतीय कायद्याने चालेल, त्यासाठी वकिलाचा सल्ला घ्यावा. तत्पूर्वी भावकीची बैठक होणार असेल, तर गडग्याची दुरुस्ती आणि पिकाचे नुकसान हे दोन हिशेब वेगळे मांडावेत, आणि कापणीपूर्वीच पंचांसमक्ष खिंडार व चरलेला भाग मोजून लिहून घ्यावा.