चाई पडली म्हणजे प्रतिकारशक्ती कमी झाली का?

तुम्ही विचारलंय की भावाच्या डोक्यात चाई पडली (गोल चट्ट्यांत केस गेले), डॉक्टर ‘ऑटोइम्यून’ म्हणाले, तर प्रतिकारशक्ती वाढवणारे काढे सुरू करावेत का?

नकोत. त्याची प्रतिकारशक्ती कमी पडलेली नाही, ती नको तिथे कामाला लागलीये. मी इम्युनॉलॉजी शिकले आहे, म्हणून आत काय घडतं ते सांगते.

शरीरातल्या बहुतेक पेशी आपल्या आतल्या प्रथिनांचे तुकडे एमएचसी नावाच्या रेणूंवर ठेवून बाहेर दाखवत असतात आणि टी-पेशी (प्रतिकारशक्तीच्या पेशी) ते तपासत फिरतात. वाढीला लागलेल्या केसाच्या मुळाशी मात्र हे रेणू फारच कमी असतात, त्यामुळे टी-पेशींचं तिकडे सहसा लक्ष जात नाही. डोळ्याच्या आतल्या भागालाही अशीच सवलत आहे. चाईत ही सवलत जाते. मुळाभोवती सीडी८ प्रकारच्या, म्हणजे मारक, टी-पेशी इतक्या जमतात की सूक्ष्मदर्शकाखाली पाहणारे त्याला मधमाश्यांचा घोळका म्हणतात.

सवलत का जाते? याचा एक मोठा धागा २०१० साली हाती लागला. कोलंबिया विद्यापीठातल्या अँजेला ख्रिस्तिआनो (त्यांना स्वतःलाही चाई आहे) आणि सहकाऱ्यांनी हजारावर रुग्णांची जनुकं इतरांच्या जनुकांशी ताडून पाहिली. त्यात सहाव्या गुणसूत्रावरची यूएलबीपी जनुकं पुढे आली. ताणाखाली आलेली पेशी या जनुकांपासून बनणारी प्रथिनं पृष्ठभागावर आणते, आणि एनकेजी२डी हा ग्राही (संकेत ओळखणारा रेणू) असलेल्या मारक पेशी ती ओळखतात. रुग्णांच्या केसांच्या मुळाशी यूएलबीपी३ भरपूर सापडलं. बाकीची बरीच जनुकं टाइप १ मधुमेह आणि आमवातात सापडणारीच निघाली.

२०१४ मध्ये त्याच गटाने उंदरांत पुढची साखळी दाखवली. केसाच्या मुळातल्या पेशी आयएल-१५ हे निरोप देणारं प्रथिन बनवतात, त्याने टी-पेशी चेततात, त्या इंटरफेरॉन-गॅमा हे तसंच दुसरं प्रथिन सोडतात, त्याने मुळातल्या पेशी आणखी आयएल-१५ बनवतात. दोन्ही निरोप पेशीच्या आत जेक नावाच्या एन्झाइमांमार्फतच जातात. जेक अडवलं तर उंदरांचे केस परत आले, आणि रुक्सोलिटिनिब हे जेक अडवणारं औषध दिलेल्या तीन रुग्णांचेही. मला या सगळ्या संशोधनातला हाच भाग सर्वात आवडतो, कारण औषध अंदाजाने नाही, आजाराचं कारण शोधून सापडलं.

२०२२ मध्ये अमेरिकेत तीव्र चाईसाठी बॅरिसिटिनिब या जेक अडवणाऱ्या गोळीला मान्यता मिळाली. निम्म्याहून जास्त डोक्याचे केस गेलेल्यांवरच्या दोन चाचण्यांत, ४ मिलीग्रॅम घेणाऱ्यांपैकी ३६ ते ३९ टक्के लोकांच्या डोक्यावर ३६ आठवड्यांत किमान ८० टक्के केस आले. पण गोळी थांबवली की अनेकांचे केस पुन्हा जातात. शिवाय जंतुसंसर्गाचा आणि रक्ताच्या गुठळ्यांचा धोका असतो, म्हणून सुरू करण्याआधी टीबीची तपासणी करतात. आपल्याकडे तर ती टाळूच नये.

भावाचे एकदोनच चट्टे असतील तर इतक्या लांब जायची गरज नाही. त्वचारोगतज्ज्ञ बहुधा चट्ट्यातच स्टिरॉइडची बारीक इंजेक्शनं देतील. हल्ला मुळाच्या तळाशी होतो, मूळपेशी (नवे केस घडवणाऱ्या स्टेम सेल) त्याच्या वर असतात आणि सहसा वाचतात, म्हणून केस परत येऊ शकतात. छोटे चट्टे तर बरेचदा वर्षभरात आपोआप भरतात. (कांद्याच्या रसाला मिळणारं बरंचसं श्रेय यातूनच येतं.) नवे केस आधी पांढरे आले तर घाबरू नका, रंग बहुतेकदा नंतर येतो.